वाचकांचे प्रश्न : कळसूबाई, थरांसकट

या वेळचे सगळे प्रश्न एकाच डोंगराचे आहेत. कळसूबाई, उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर. देवीबद्दल आणि नवरात्रातल्या गर्दीबद्दल आलेली पत्रं बाजूला ठेवली आहेत. इथे फक्त दगड, पाणी आणि उंची.

प्रश्न : शाळेत आम्ही शिकवतो की सह्याद्री ज्वालामुखीतून तयार झाला. मुलं विचारतात, मग कळसूबाईचं तोंड कुठे आहे आणि ती पुन्हा पेटेल का? (एक शिक्षिका, सिन्नर)

तोंड सापडणार नाही, कारण कळसूबाई हा ज्वालामुखीच नाही. लांबून दिसणारा तिचा सुळकेवजा माथा फसवतो, एवढंच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा उतू गेला. दुधासारखा पसरला म्हणा. तो थिजला, मध्ये काही काळ गेला, मग त्यावर दुसरा थर आला, पुन्हा तिसरा. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला. भूगर्भाच्या हिशेबात ही घाईच. त्या थरांचा आज शिल्लक असलेला भाग सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. त्यालाच दख्खनचा ट्रॅप म्हणतात.

पुन्हा पेटण्याची काळजी नको. हा लाव्हा ज्या तप्त स्रोतातून आला तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. उद्रेकाच्या वेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. तो उत्तरेकडे सरकत आला आणि स्रोत चार हजार किलोमीटरहून जास्त मागे राहिला.

मुलांना खरं सांगायचं ते वेगळंच आहे. कळसूबाई वर उचलली गेली नाही, तिच्या आजूबाजूचं गेलं. पूर्वी सगळीकडे निदान तिच्या माथ्याएवढा दगड होता. ओढ्यांनी आणि नद्यांनी तो खरवडून नेला आणि मध्ये जे उरलं त्याला आपण शिखर म्हणतो.

वर्गात हे दाखवता येतं. खोल परातीत ओली चिकणमाती आणि ओली वाळू यांचे आलटून पालटून सहा थर द्या, प्रत्येक बोटभर जाडीचा. परात एका कडेने तीन-चार बोटं उचलून धरा आणि वरच्या कडेपासून झारीने बारीक पाणी सोडत राहा. दहा मिनिटांत घळी पडतात, दोन घळींच्या मध्ये धार उरते आणि धारेच्या दोन्ही अंगांना तेच थर त्याच उंचीवर दिसतात. तांब्याने एकदम पाणी ओतलंत तर सगळं वाहून जाईल. वाळू कोरडी घेतलीत तर थर पाण्याआधीच ढासळतील. हे दोन्ही पहिल्या खेपेला होतंच, म्हणून आधी घरी करून पाहा.

प्रश्न : माथ्यावर उभा राहून मोबाइल पाहिला तर उंची १५८५ मीटर दाखवत होता. पाटीवर १६४६. कोण खोटं बोलतंय?

दोघंही खरं बोलतात, मोजायला सुरुवात मात्र वेगवेगळ्या ठिकाणांहून करतात. नकाशातली उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची. उपग्रहावरून काढलेली कच्ची उंची मात्र पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत, अंडगोल पृष्ठभागापासूनची असते. भारताच्या आसपास गुरुत्वाकर्षण थोडं कमी आहे, त्यामुळे खरी समुद्रसपाटी या गणिती पृष्ठभागाच्या बरीच खाली जाते. आपल्या भागात हा फरक साठ मीटरच्या आसपास. तुमचा आकडा नेमका तेवढाच कमी आहे. काही ॲप हा फरक आपोआप जोडतात, काही जोडत नाहीत. सेटिंगमध्ये 'समुद्रसपाटीपासून' असा पर्याय आहे का ते पाहा. तो निवडला तरी मोबाइल उंचीत दहा-वीस मीटर सहज चुकतो, हे धरून चालावं.

हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक याहून बारीक फरक दाखवतं, पण त्याला रोज लावावं लागतं. पद्धत अशी : ज्याची उंची नकाशात दिली आहे अशा जागी आकडा जुळवा, चढा, आणि उतरून त्याच जागी पुन्हा वाचा. दोन वाचनांत जो फरक येईल तो वेळेच्या प्रमाणात वाटून घ्या. हे केलं नाही तर चूक ठरलेली, कारण आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला असतो आणि दुपारी चारला उतरलेला. त्यात दोन-तीन हेक्टोपास्कल गेले की वीस-तीस मीटर हवेतल्या हवेत वाढतात. ढग भरून आले असतील तर उंचीमापकावर विसंबूच नका.

नकाशा हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा पत्रक घ्या. जुन्या क्रमांकपद्धतीत तो ४७ ई/१०. त्यावर दर २० मीटरला समोच्च रेषा असते.

प्रश्न : बारी गावातून चढताना वाटेवर भूगर्भ म्हणून नेमकं काय पाहायचं? आम्ही दहा जण आहोत, एकालाही दगडातलं कळत नाही.

फार चांगला प्रश्न, आणि दगडातलं कळण्याची गरजही नाही. खालपासून वरपर्यंत सगळा एकच दगड आहे, बेसाल्ट. वेगळं आहे ते त्याचं अंग. एकेक लाव्हाचा थर वाचायला शिकलात की पुरे.

घोटी-भंडारदरा रस्त्यावरच्या बारीतून माथ्यापर्यंत साडेआठशे-नऊशे मीटरचा चढ आहे. निघण्याआधी गावातूनच डोंगराकडे दोन मिनिटं नीट बघा. उभा काळा कडा, त्याच्यावर गवताचा उतार किंवा सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा उतार. या पायऱ्यांवरूनच 'ट्रॅप' हे नाव पडलं. स्वीडिश भाषेतल्या पायरीसाठीच्या शब्दावरून ते आलं आहे. कडा म्हणजे थराचा घट्ट मधला भाग. उतार म्हणजे थराचा पोकळ, मऊ वरचा भाग, जो लवकर झिजतो. वाटेतल्या लोखंडी शिड्या कुठे बसवल्यात पाहा. उतारावर शिडीची गरज पडत नाही. शिडी आली की समजावं, घट्ट थर आला.

आता एका कड्याच्या पायाशी थांबा, वाट कापताना दगड ताजा उघडा पडला असेल अशी जागा निवडा. डोळे जमिनीजवळ न्या. सगळ्यांत खाली बऱ्याच ठिकाणी वितभर, कधी हातभर जाडीचा विटकरी पट्टा दिसेल. नखाने खरवडला तर पूड निघते, बोटं लाल होतात. हा दोन उद्रेकांच्या मधला काळ. खालच्या थराचा माथा उघड्यावर राहून कुजला, त्याची माती होऊ लागली, आणि मग वरून नवा लाव्हा येऊन त्यावर बसला. गावात याला सरळ गेरू म्हणतात. पट्टा दिसला नाही तर निराश होऊ नका, दोन थर लागोपाठ आले असतील तर मध्ये माती व्हायला वेळच मिळालेला नसतो.

पट्ट्याच्या लगेच वर, नव्या थराच्या बुडाशी, बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसू शकतात. खालच्या ओलाव्याची वाफ आणि लाव्हातले वायू वर निसटताना त्या झाल्या. पुष्कळदा त्या एका बाजूला वाकलेल्या असतात. ज्या दिशेला वाकल्या त्या दिशेला लाव्हा वाहत होता. चार-पाच नळ्यांची दिशा होकायंत्राने घ्या आणि सरासरी काढा. एका नळीवरून निष्कर्ष काढू नका.

नळ्यांच्या वर घट्ट, काळा, बारीक कणांचा दगड. हातोडीने घण्ण वाजतो. (हातोडी नेऊ नका, का ते पुढे आहे, नाण्याने टकटक केलं तरी फरक कळतो.) थंड होताना आक्रसल्यामुळे त्याला उभ्या भेगा पडतात, काही ठिकाणी सहा-पाच बाजूंचे खांबच तयार होतात. त्याच्याही वर गेलात की दगड करडा, ठिपक्याठिपक्यांचा आणि भुसभुशीत होतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. लाव्हातले बुडबुडे वर चढून साईखाली अडकले, त्या पोकळ्या नंतर पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरल्या, म्हणून ठिपके. मांजऱ्या संपला की पुन्हा गेरूचा पट्टा किंवा पुढच्या थराचं बूड.

लाल, नळ्या, काळा, ठिपके. एवढं पाठ करा आणि माथ्यापर्यंत किती फेऱ्या होतात ते मोजा. दहा जणांचे दहा आकडे येतील. कारण सगळे थर इतके शिस्तीचे नसतात. सह्याद्रीच्या खालच्या भागात पुष्कळ थर हे छोट्या छोट्या जिभांच्या ढिगाऱ्यासारखे आहेत, एकीला फुटून दुसरी जीभ निघालेली. त्यांत लाल पट्टा नसतो, ठिपक्यांचा दगड मात्र दर दोन-चार फुटांवर येतो. तिथे प्रत्येक जीभ वेगळा उद्रेक म्हणून मोजणं ही हमखास होणारी चूक. पट्टा सलग किती लांब जातो ते पाहा, समोरच्या सोंडेवर त्याच उंचीला तो पुन्हा दिसतो का पाहा. दिसला तरच तो मोठा थर.

नशीब चांगलं असेल तर एखाद्या काळ्या दगडात पांढरट, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या दिसतील, जणू कुणी खोबऱ्याचे काप टाकलेत. ते फेल्डस्पारचे स्फटिक. लाव्हा बाहेर पडण्याआधी खाली कोठारात बराच काळ साचून राहिला, त्या वेळात ते वाढले. असे थर मोजकेच असल्यामुळे भूशास्त्रज्ञ त्यांचा खुणेच्या दगडासारखा उपयोग करतात. इगतपुरी आणि कसारा घाटाचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. ट्रॅपच्या खालच्या थरांच्या मोठ्या गटाला नावच 'कळसूबाई उपगट' असं दिलेलं आहे. त्यात खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर असे टप्पे येतात.

प्रश्न : वाटेत चकचकीत पांढरे खडे सापडले. हिरे नाहीत हे कळतं, पण आहेत काय?

मांजऱ्या दगडाच्या पोकळीतली खनिजं. तीन साध्या खुणा : काचेवर ओरखडा उठवला तर गारगोटीच्या जातीचं. चाकूने सहज ओरखडलं आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर कॅल्साइट. दोन्ही झालं नाही, मोत्यासारखी झाक आहे आणि पेंढी मध्ये बांधल्यासारखा आकार आहे तर स्टिल्बाइट, म्हणजे झिओलाइट गटातलं. पोकळीच्या कडेला हिरवट पूड असेल तर ते सेलाडोनाइट. त्याला शेवाळ समजून घासत बसू नका. व्हिनेगर थंड असेल तर बुडबुडे फार हळू येतात, खड्याची थोडी पूड करून टाकली की लगेच कळतं.

मात्र ही तपासणी घाटाखालच्या खडी-खाणीतल्या दगडावर करा. कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. तिथून दगड फोडून आणणं चालत नाही, आणि पोकळीतून उपटलेला स्फटिक घरी दिसतोही केविलवाणा.

प्रश्न : महाबळेश्वर कळसूबाईपेक्षा सुमारे २०० मीटर बुटकं आहे. म्हणजे तिथला दगड जुना आणि कळसूबाईच्या माथ्याचा नवा, बरोबर ना?

उलट आहे. एकाच डोंगरात वरचा थर नवा हे खरं, पण दोन डोंगरांत उंची पाहून वय ठरवता येत नाही. हे थर सपाट वाटले तरी दक्षिणेकडे अगदी किंचित कललेले आहेत, इतके किंचित की डोळ्यांना कळणारही नाही. पण दोनशे किलोमीटर चालत गेलात की तेवढ्या कलानेही थर शेकडो मीटर खाली जातो. कळसूबाईतले थर दक्षिणेला जाता जाता जमिनीखाली बुडतात आणि महाबळेश्वराला त्यांच्या कितीतरी वरचे, म्हणजे नंतरचे थर माथ्यावर येतात. त्या माथ्याला वर जांभ्याची टोपीही आहे. कळसूबाईला तशी टोपी नाही, तिचं डोकं उघडं काळं.

उत्तरेकडचा ढीगच मुळात उंच. त्यात कळसूबाई दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या बांधावर आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाणी तिला कुरतडतं, पण मध्यापर्यंत अजून पोचलेलं नाही. महाराष्ट्रात क्रमांक एक मिळाला तो असा. साल्हेर, १५६७ मीटर, तिच्यानंतर. संपूर्ण पश्चिम घाटात मात्र तिचा नंबर बराच खाली लागतो. केरळातलं अनैमुडी २६९५ मीटर आहे, आणि तिथला दगड लाव्हाचा नाहीच.

प्रश्न : कळसूबाईवर पडलेला पाऊस अरबी समुद्राला मिळतो की बंगालच्या उपसागराला?

पूर्ण बंगालच्या उपसागराला. कळसूबाईची रांग सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे फुटलेली आहे : पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग, पूर्वेला औंढा, पट्टा, बितनगड. रांगेच्या उत्तरेचं पाणी दारणेला, दक्षिणेचं प्रवरेला. प्रवरेवरच भंडारदऱ्याचं विल्सन धरण आहे, १९२६ चं. दारणा काय नि प्रवरा काय, दोघीही शेवटी गोदावरीतच. कोकणात जाणाऱ्या पाण्याची रेषा घाटघरच्या कड्याशी आहे.

प्रश्न : माथ्याच्या थोडं खाली विहीर आहे. एवढ्या उंचीवर, चहूबाजूंनी उतार असताना पाणी येतं कुठून?

वरूनच. विहिरीच्या वर जेवढा डोंगर उरला आहे तेवढंच तिचं पाणलोट. पावसाचं पाणी घट्ट दगडाच्या उभ्या भेगांतून आणि मांजऱ्याच्या कुजलेल्या भागातून खाली झिरपतं, मग एखाद्या गेरूच्या पट्ट्यावर किंवा भेगा नसलेल्या कातळावर अडतं आणि आडवं सरकतं. त्या सांध्यावर खणलं की पाणी लागतं. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची पुष्कळ टाकी कड्याच्या पायाशी दिसतात ती याच कारणाने. जुन्या लोकांना गेरू म्हणजे पाणी हे बरोबर ठाऊक होतं. साठा मात्र लहान. दिवाळीत भरलेली विहीर पाहून मे महिन्याचा बेत आखू नका, माणशी तीन लिटर पाणी खालून न्या. विहिरीचं प्यायचंच असेल तर गाळून आणि उकळून.

प्रश्न : वर डाळ शिजत नाही असं म्हणतात.

शिजते, वेळ लागतो. माथ्यावर हवेचा दाब साधारण ८३५ हेक्टोपास्कल, म्हणून पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. जाळ वाढवून काही उपयोग नाही, पाणी फक्त लवकर आटतं. तूर आधी भिजवून घ्या किंवा झाकण जड ठेवा. अभयारण्यात चूल पेटवायची नाही हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : पावसाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत जाताना दगडाच्या दृष्टीने काय सांभाळायचं?

पाय ठेवायला घट्ट काळा दगड चांगला, पण फक्त कोरडा. ओला झाला आणि त्यावर शेवाळाची पातळ साय धरली की तोच सर्वांत घसरडा. मांजऱ्या खडबडीत असल्याने ओला असतानाही बरा धरतो, मात्र हाताला कच्चा : खुंटीसारखा बाहेर आलेला तुकडा धरून अंग ओढू नका, आधी तळव्याने दाबून पाहा. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटत असलेले गोल धोंडे वाटेच्या वरच्या अंगाला दिसले तर त्यांच्याखाली डबा सोडून बसू नये. उतारावरचा मुरूम कोरडा असताना जास्त घसरतो. उतरताना टाच आधी रोवा आणि पावलं तोकडी टाका.

कड्याच्या पायाशी विसावा घेतानाही वर बघा. गेरूचा पट्टा पावसाने आधी धुपतो, वरचा खांबाखांबांचा दगड अधांतरी राहतो आणि उभ्या भेगांवरून सुटतो. पट्टा आत गेलेला आणि खाली ताजे, धारदार कडांचे, शेवाळ नसलेले तुकडे पडलेले दिसले तर ती जागा बसायची नाही, मग सावली कितीही छान असो.

वळवाच्या दिवसांत दुपारी बाराच्या आत माथा सोडा. वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. आकडा तीसच्या खाली आला तर उतरायला सुरुवात करायची, आणि शिडीवर असाल तर आधी शिडीवरून खाली या. लोखंडाचा कठडा धरून थांबायचं नाही. गर्दीत शिडीवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की पंधरा मिनिटं सहज जातात, ती मोजून निघा. शेवटच्या शिडीच्या खाली आलात की धारेवर न थांबता उताराच्या बाजूला, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. एकट्या झाडाखाली नाही, कड्याच्या कपारीतही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा वर जायला निघू नका.